क्लास्प कुठला द्यायचा, हे सगळ्यात शेवटी ठरवा

एका दंतवैद्यांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा (क्लास्प म्हणजे काढत्या-घालत्या कवळीचा दाताला धरणारा आकडा) : साधारण साठीच्या बाई. खालच्या जबड्यात उजवीकडे ४४ च्या (पहिल्या उपदाढेच्या) मागे दात नाहीत, डावीकडे ३५ च्या (दुसऱ्या उपदाढेच्या) मागे नाहीत. वरचे दात बहुतेक शाबूत. त्यांना कोबाल्ट-क्रोम धातूची कास्ट पार्शल, म्हणजे ओतीव सांगाड्याची अर्धवट कवळी, दिली. मॉडेल पाठवल्यावर लॅबनेच डिझाईन केलं : दोन्ही बाजूंना एकर्स क्लास्प (दाताला वरून वेढणारा) आणि डिस्टल रेस्ट (दाताच्या मागच्या कडेवर टेकणारा कवळीचा आधार). चार महिन्यांत क्लास्प सैल झाले, प्लायरने दोनदा आवळले. आता ४४ दुखतो आणि थोडा हलतो. बाई मिशरी लावतात, त्यामुळे ४४ ची हिरडी आधीच उतरलेली होती. ३५ जिभेकडे झुकलेला आहे. आता आरपीआय (पुढच्या कडेवरचा रेस्ट, मागची प्लेट आणि खालून येणारा आय-बार यांची जोडी) द्यावा, वायरचा क्लास्प द्यावा, की सरळ फ्लेक्झिबल, म्हणजे नायलॉनची कवळी, करून मोकळं व्हावं? आणि कोणत्या केसला कोणता क्लास्प याचा एखादा तक्ता आहे का?

डॉक्टर, तक्ता आहे. परीक्षेच्या वेळी मीही तो पाठ केला होता. त्यात डावीकडे केनेडी क्लास आणि उजवीकडे क्लास्पचं नाव असतं. केनेडीने ते वर्गीकरण १९२५ मध्ये मांडलं आणि कुठले दात नाहीत ते ओळखायला ते अजूनही उत्तम आहे. पण क्लास्प बसतो तो तोंडात असलेल्या दातावर. तो दात कुणीकडे झुकलाय, त्याची हिरडी कुठवर उतरलीय, गाल ओढला तर गाल आणि हिरडी यांच्यामधली खोबण किती खोल दिसते, यातलं काहीही तक्त्यात नसतं. म्हणून तक्ता न देता तुमच्या बाईंच्या ४४ चं काय झालं तेच आधी सांगतो. बाकीचं उत्तर त्याच्या पोटात आहे.

एकर्स हा वाईट क्लास्प नाही. दोन्ही बाजूंना दात असलेल्या जागेत, निरोगी दाढेवर, मी आजही आधी त्याचाच विचार करतो. करायला सोपा, घासायला सोपा, रेस्ट आणि दोन्ही हात एकाच जागेतून निघतात. तुमच्या केसमध्ये तो दोन कारणांनी अंगावर आला.

पहिलं कारण रेस्टची जागा. मागे दात नसलेली कवळी हिरडीवर टेकलेली असते, आणि हिरडी दातापेक्षा कितीतरी जास्त दबते. बाईंनी मागच्या बाजूला भाकरीचा घास चावला की कवळीचा हिरडीवरचा भाग, म्हणजे बेस, खाली जातो, आणि जाताना रेस्टभोवती फिरतो. रेस्ट आहे ४४ च्या मागच्या कडेला. क्लास्पचं टोक आहे मेसिओबक्कल अंडरकटमध्ये, म्हणजे दाताच्या गालाकडच्या पुढच्या बाजूला फुगवट्याखालच्या खोलगट भागात, रेस्टच्या पुढे. दगड उलथायला आपण पहार लावतो तोच हा प्रकार : मागचं टोक दाबलं की पुढचं टोक वर उचलतं. ते अंडरकटमध्ये अडकलेलं असल्यामुळे वर जाताना दातालाही ओढतं. एका घासाला काही होत नाही, पण दिवसाला किती घास होतात ते मोजा.

आता हाच रेस्ट ४४ च्या पुढच्या कडेला ठेवून पाहा. फिरण्याचा बिंदू पुढे गेला. आता बेस दबला की टोकही त्याच्याबरोबर खाली, हिरडीकडे जातं, म्हणजे दातापासून सुटतं. दाताला ओढ बसत नाही. क्राटोचविल या दंतवैद्यांनी १९६३ मध्ये मेसियल, म्हणजे पुढच्या कडेवरच्या, रेस्टचा आग्रह धरला आणि क्रोल यांनी १९७३ मध्ये त्याला आजचं आरपीआयचं रूप दिलं, त्यामागचं तर्कशास्त्र एवढंच आहे. आय-बारचं कौतुक सगळे करतात, पण त्या जोडीत खरं काम मेसियल रेस्ट करतो.

दुसरं कारण धातूचं. याकडे आपल्याकडे फारसं कुणी पाहत नाही, म्हणून थोडं थांबतो. कास्ट क्लास्पच्या कल्पना सोन्याच्या मिश्रधातूंच्या काळात रुजल्या. कोबाल्ट-क्रोम आलं १९३० च्या सुमारास. ते स्वस्त, हलकं, गंज न धरणारं, पण सोन्याच्या तुलनेत साधारण दुप्पट ताठ. आणि क्लास्पचा हात किती वाकेल हे त्याच्या लांबीच्या घनावर ठरतं : लांबी दुप्पट केली तर आठ पट लवचीक, जाडी दुप्पट केली तर आठ पट ताठ. कोबाल्ट-क्रोमच्या हाताला ०.२५ मिमी अंडरकटमध्ये सुखरूप आत-बाहेर करायचं तर त्याला साधारण १५ मिमी लांबी हवी. दाढेभोवती ती मिळते. खालच्या पहिल्या उपदाढेची रुंदी असते ७ मिमीच्या आसपास. तिच्या गालाकडच्या वळणावरून हात कितीही फिरवला तरी तेवढी लांबी भरत नाही. मग तो आखूड, ताठ हात दर वेळी कवळी काढता-घालताना एक तर दाताला ढकलतो, नाहीतर स्वतः कायमचा वाकतो. बहुतेकदा दोन्ही होतं. तुमचे क्लास्प चार महिन्यांत सैल झाले ते म्हणूनच. त्यात टेक्निशियनच्या हाताचा दोष असेलच असं नाही.

आणि आवळणं. प्लायरने कोबाल्ट-क्रोम आवळलं की बाई खूश होऊन जातात आणि दीड महिन्याने परत येतात. हा धातू वाकवला की जागच्या जागी कडक होत जातो, दोन-तीनदा वाकवला की तुटतो. आवळताना आपण टोक दातावर दाबून बसवतो, म्हणजे कवळी नुसती तोंडात असतानाही दातावर सतत दाब. क्लास्प जागेवर बसल्यावर निष्क्रिय असायला हवा. कवळी उचलायला लागल्यावरच त्याने जागं व्हायचं. सुरुवातीच्या काळात एका गृहस्थांच्या सुळ्यावरचा क्लास्प मी असाच तीनदा आवळला. चौथ्यांदा ते आले तेव्हा तुटलेला तुकडा त्यांनी कागदात गुंडाळून आणला होता. मला म्हणाले, "डॉक्टर, हा तुमच्याकडेच ठेवा." तो अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

तर, आता मॉडेल हातात घेतल्यावर मी कोणत्या क्रमाने विचार करतो ते सांगतो.

आधी रेस्ट. कवळी कुठे टेकणार आणि दाबली तर कशाभोवती फिरणार, हे पेन्सिलने मॉडेलवर काढल्याशिवाय क्लास्पचं नावही घेत नाही. आणि रेस्टला रेस्ट सीट, म्हणजे दातात कोरलेली बैठक, लागते, जी तुमच्याशिवाय कोणी करू शकत नाही. माझ्या ओळखीचा एक जुना टेक्निशियन म्हणतो, "डॉक्टर लोक क्लास्पचं नाव इंग्रजीत लिहून पाठवतात, आणि मॉडेलवर रेस्ट ठेवायला जागाच नसते." बरोबर बोलतो. मार्जिनल रिजवर (चावण्याच्या पृष्ठभागाच्या कडेवर) दीड मिमी जागा करा, सीटचा तळ दाताच्या मध्याकडे उतरता ठेवा म्हणजे रेस्ट आणि खाली जाणारा कनेक्टर (सांगाड्याला जोडणारी पट्टी) यांच्यातला कोन काटकोनापेक्षा कमी राहील, कडा गोल करा. तळ बाहेरच्या बाजूला उतरता राहिला तर रेस्ट घसरतो आणि दाताला पुढे ढकलतो. खालच्या पहिल्या उपदाढेचा जिभेकडचा उंचवटा अगदी लहान असतो, तेव्हा मेसियल सीट करताना ती खोल नेण्याच्या नादात फोडू नका. पाच मिनिटांचं काम आहे. इम्प्रेशनच्या (मापाच्या) आधी करायचं, नंतर नाही.

मग सर्व्हेअर, म्हणजे दातांचा फुगवटा आणि अंडरकट शोधायचं यंत्र. स्वतःचा घ्या. साधा, भारतात बनलेलाही चालेल. मॉडेल आडवं सपाट, म्हणजे ऑक्लुझल प्लेन (चावण्याची पातळी) जमिनीला समांतर ठेवून पहिली सर्व्हे लाईन, म्हणजे दाताच्या सगळ्यात फुगीर भागावरची रेघ, काढा. अंडरकट सापडत नाही म्हणून मॉडेल तिरकं करून "मिळवलेला" अंडरकट ही स्वतःची फसवणूक आहे. चिकट घासाने कवळी सरळ वर ओढली जाते, तेव्हा त्या तिरक्या अंडरकटचा उपयोग होत नाही. तिरपेपणा गाईड प्लेनसाठी (कवळी सरळ आत-बाहेर नेणाऱ्या दाताच्या सपाट बाजूंसाठी) आणि दिसण्यासाठी वापरावा, तोही थोडाच.

आता तुमचा ४४. अंडरकट कुठे आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण शक्यता बोलू.

आरपीआय इथे पुस्तकातलं उत्तर आहे : मेसियल रेस्ट, मागच्या बाजूला छोटी प्रॉक्सिमल प्लेट, आणि खालून येणारा आय-बार, ज्याचं टोक गालाकडच्या मध्यावर किंवा त्याच्या किंचित पुढे, ०.२५ मिमी अंडरकटमध्ये. आय-बारचा हात लांब असतो, म्हणून उपदाढेवर तो एकर्सपेक्षा सुसह्य होतो, आणि दातावर धातू अगदी थोडा टेकतो. पण त्याच्या अटी कडक आहेत. बार हिरडीच्या कडेपासून किमान ३ ते ४ मिमी खालून यायला हवा आणि कडा काटकोनात ओलांडायला हवा. म्हणजे तेवढी खोबण हवी. खालच्या उपदाढांपाशी गालाचा फ्रीनम (गालाला हिरडीशी बांधणारा पडदा) नेमका वाटेत येतो. ४४ ची हिरडी उतरलेली, म्हणजे कडा आणखी खाली, खोबण आणखी उथळ. त्यात हाडाचा उंचवटा असेल तर बार त्याच्यापासून दूर ठेवावा लागतो, आणि मग गाल आणि बार यांच्यामध्ये भाकरी अडकते. बाई आधी "टोचतंय" म्हणतात, आणि दोन महिन्यांनी कवळी पिशवीत घालून घेऊन येतात.

मिशरीचा एक वेगळा मुद्दा. वर्षानुवर्षं बोटाने घासून मानेपाशी खाच पडलेली असते. ती आधी भरा, आणि मग ठरवा. क्लास्पचं टोक उघड्या मुळावर किंवा त्या भरावावर टेकता कामा नये, इनॅमलवरच हवं. मुळाचा पृष्ठभाग मऊ, तिथे कीड लवकर लागते, आणि क्लास्पखाली अन्न थांबतंच. कधीकधी इनॅमलवर उरलेल्या जागेत अंडरकटच शिल्लक नसतो. तेव्हा आरपीआय तिथेच संपला.

आणि गुटखा-सुपारीवाला रुग्ण असेल तर गाल ओढून बघण्याची गरजही पडत नाही. सबम्यूकस फायब्रोसिसमध्ये गाल ताठ, खोबण उथळ, तोंड दोन बोटं उघडत नाही. अशा तोंडात आय-बारचा विचार सोडून द्या. तिथे इम्प्रेशन ट्रे आत जाणं हीच पहिली लढाई असते.

खोबण नसेल तर आरपीए. रेस्ट आणि प्लेट तशीच, फक्त आय-बारच्या जागी प्लेटपासून निघणारा, दातावरून फिरणारा हात. इथे एक बारीक गोष्ट चुकली की सगळ्यावर पाणी फिरतं : हाताच्या ताठ भागाची फक्त वरची कड सर्व्हे लाईनवर टेकायला हवी. तो भाग लाईनच्या वर चढला तर बेस दबताना हात दातावर अडकतो आणि मेसियल रेस्टचा फायदा गेला. लॅबला एकर्स वॅक्स करायची सवय असते, आणि एकर्सचा हात सुरुवातीला लाईनच्या वरच असतो. म्हणून आरपीए लिहिलं तर मॉडेलवर रेघ काढून पाठवा. शिवाय लांबीचा प्रश्न आरपीएने सुटत नाही. आखूड कास्ट हात तो आखूडच.

आणि म्हणून अशा दुबळ्या उपदाढेवर माझा कल वायरकडे असतो. गालाकडे १८ किंवा १९ गेजची गोल वायर, जिभेकडे कास्ट ताठ हात किंवा प्लेट. ओढून काढलेली वायर गोल असल्याने सगळ्या दिशांना वाकते. कास्ट हात अर्धगोल, तो एकाच दिशेला वाकायला राजी असतो. वायर ०.५ मिमी अंडरकटमध्ये जाऊ शकते. बेसच्या अक्रिलिकमध्ये रोवली तर दातापासून लांबून निघते, म्हणून लांबीही मिळते. आणि ती आवळता येते, तुटली तर क्लिनिकमध्येच बदलता येते. तक्रार एकच : कास्टपेक्षा ती लवकर वाकडी होते, विशेषतः बाई नखाने क्लास्पला धरून कवळी उपसत असतील तर. त्यांना शिकवा : बोटं बेसच्या कडेखाली, दोन्ही बाजूंना एकदम. बसवताना दातांनी चावून बसवायचं नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. मी वर पहारीचं जे गणित मांडलं ते कागदावर सुंदर आहे. तोंडात फरक तितका ठळक दिसत नाही. १९९४ मध्ये कपूर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत आय-बारचं डिझाईन आणि वरून येणाऱ्या क्लास्पचं डिझाईन यांची पाच वर्षांची यादृच्छिक तुलना प्रसिद्ध केली, आणि दोन्हींत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. त्या कवळ्या नीट बनवलेल्या होत्या : रेस्ट सीट होत्या, बेस नीट बसत होता, लोक तपासणीला येत होते. माझा अनुभवही तोच. बेस घट्ट बसलेला आणि रेस्ट जागेवर असेल तर क्लास्पच्या नावावरून फारसं अडत नाही. मग मी इतकं का लिहितोय? कारण आपल्याकडे रेस्ट सीट नसते, बेस अल्जिनेटच्या एकाच इम्प्रेशनवर बनलेला असतो, रुग्ण परत येईल याची खात्री नसते. त्या परिस्थितीत चूक पोटात घालेल असा क्लास्प निवडावा लागतो. वायर चूक पोटात घालते, आखूड कोबाल्ट-क्रोम घालत नाही.

३५ ची गोष्ट वेगळी. खालच्या उपदाढा जिभेकडे झुकल्या की जिभेच्या बाजूला अंडरकटच अंडरकट, आणि गालाकडे सर्व्हे लाईन जवळजवळ हिरडीला टेकलेली. तिथे क्लास्पचं नाव बदलून काही मिळत नाही, कारण टोक ठेवायला जागाच नाही. अशा वेळी मी गालाकडे कंपोझिटचा छोटा उंचवटा देतो, त्याच्याखाली अंडरकट तयार होतो. दात आम्लाने एच (खरखरीत) करून, गुळगुळीत, हिरडीपासून दूर. गेजने तपासायचं, मग इम्प्रेशन. तो क्वचित झिजतो किंवा निघतो, परत लावायचा. दाताला रूट कॅनाल झालेली असेल किंवा तो खूप भरलेला असेल तर सर्व्हेड क्राऊन : रेस्ट सीट, गाईड प्लेन, अंडरकट सगळं क्राऊनमध्येच. फक्त क्राऊन आधी बनवून मग कवळीचा विचार करू नका. उलट क्रमाने केलेले क्राऊन मी बरेच पाहिले आहेत; छान दिसतात, आणि क्लास्पला त्यांच्यावर धरायला काही नसतं.

झुकलेल्या ३५ ची दुसरी अडचण जिभेच्या बाजूला. लिंग्वल बार (दोन्ही बाजू जोडणारी, जिभेकडची धातूची पट्टी) उपदाढेच्या त्या फुगीर भागाला घासून आत जाणार, किंवा ब्लॉक-आउटमुळे (मॉडेलवर अंडरकट मेणाने भरल्यामुळे) दातापासून इतका दूर बसेल की जीभ दिवसभर त्याच्याशी खेळत राहील. जिभेकडचं इनॅमल थोडं तासलं तर निम्मा प्रश्न सुटतो. बारसाठी हिरडीच्या कडेपासून तोंडाच्या तळापर्यंत किमान ७ मिमी हवेत. नसतील तर लिंग्वल प्लेट, म्हणजे दातांवर चढणारा पत्रा.

प्लेटचा विषय निघालाच आहे तर रेसिप्रोकेशन. टोक अंडरकटमधून बाहेर येताना दाताला जिभेकडे ढकलतं. समोरून त्याच वेळी कुणीतरी धरून ठेवायला हवं. हे काम जिभेकडच्या ताठ हाताचं. पण तो हात बहुतेक वेळा दाताला टेकतो ते कवळी पूर्ण बसल्यावर, म्हणजे धक्का बसून गेल्यावर. जिभेकडची बाजू थोडी सरळ तासून दिली की हात आधीपासून टेकतो. फॅन्सी काही नाही, एक डायमंड बर आणि दोन मिनिटं.

बाकीच्या केसेस पटापट सांगतो, कारण त्या सोप्या आहेत. एकाच बाजूला मागे दात नसतील (क्लास दोन), तर दुसऱ्या बाजूला दोन दाढांच्या मध्ये एम्ब्रेझर क्लास्प. दोन एकर्स पाठीला पाठ लावून. तिथे दाढांमधल्या फटीत दीड ते दोन मिमी जागा केली नाही तर धातू पातळ पडतो आणि बरोबर त्याच जागी तुटतो; किंवा जाड ठेवतात आणि चावणं उंच होतं. एकटी उभी, पुढे आणि जिभेकडे कललेली खालची दाढ असेल तर रिंग क्लास्प : गालाकडून सुरू करून मागून फिरवून टोक मेसिओलिंग्वल अंडरकटमध्ये. त्याला मागे दुसरा रेस्ट आणि गालाकडे आधाराची पट्टी द्या, नाहीतर तो लांब हात चहाच्या चमच्यासारखा वाकतो. दोन्हीकडे दात असलेल्या जागेत मेसियल की डिस्टल हा वाद घालत बसू नका, रेस्ट मोकळ्या जागेच्या बाजूला ठेवा आणि पुढे चला.

वरच्या सुळ्याचं मात्र चटकन सुटत नाही. सिंग्युलमवर (दाताच्या आतल्या बाजूच्या उंचवट्यावर) रेस्ट आणि टोक दाताच्या मागच्या बाजूला लपवलेला आय-बार, एवढं केलं तर बोलताना दिसत नाही. पण हसताना हिरडी दिसणारी बाई असेल तर तिला आरसा हातात देऊन, मॉडेलवर काळ्या मार्करने क्लास्प काढून आधी दाखवा. कवळी दिल्यावर "हे तार दिसतेय" ऐकण्यापेक्षा ते बरं.

आणि फ्लेक्झिबल. तुम्ही विचारलंत, आणि रोज दोन रुग्ण विचारतात, "ते मऊ वाले दात." नायलॉनच्या कवळीला तार नाही, गुलाबी क्लास्प दिसत नाही, तुटत नाही. एखाद-दुसरा पुढचा दात, फिक्स होईपर्यंतचे काही महिने, किंवा सबम्यूकस फायब्रोसिसमध्ये तोंडच उघडत नाही अशा माणसाला थोडी वाकवून आत घालता येईल अशी कवळी, अशा ठिकाणी मीही देतो. पण त्यात साधारणपणे रेस्ट नसतो. खालच्या जबड्यात मागे दात नसलेल्या बाईंना ती दिली की चावण्याचा सगळा भार हिरडीवर, बेस हळूहळू खाली जातो, आणि ते रुंद गुलाबी क्लास्प हिरडीची कडा सोलत खाली सरकतात. तुमच्या ४४ ची हिरडी आधीच उतरलेली आहे. शिवाय नायलॉनला नेहमीचं अक्रिलिक चिकटत नाही, म्हणून रिलाईन करणं (आतून नवा थर देणं) अवघड. याच केसला फ्लेक्झिबल देऊ नका, एवढं मी ठामपणे सांगतो. कास्ट फ्रेमवर दातासारख्या रंगाचे अ‍ॅसिटल या प्लास्टिकचे क्लास्प हा मधला मार्ग आहे. ते जाड करावे लागतात आणि अंडरकटही जास्त खोल लागतो. पुढच्या दातांसाठी ठीक, ४४ साठी नको.

लॅबची चिठ्ठी. "कास्ट पार्शल, शेड अमुक, लवकर पाठवा" असं लिहिलं की डिझाईन टेक्निशियन करणार, आणि तो करणार ते रोज करतो ते : एकर्स, डिस्टल रेस्ट. त्याला दोष देऊ नका, त्याला तोंड दिसत नाही. स्टडी मॉडेलवर स्वतः रंगीत पेन्सिलने रेस्ट, कनेक्टर, क्लास्पची रेघ आणि टोकाची जागा काढून ते मॉडेल सोबत पाठवा. अंडरकट किती मिमी ते लिहा. आता बऱ्याच लॅब फ्रेम कॉम्प्युटरवर डिझाईन करून लेझरने छापतात. छापण्याआधी स्क्रीनवरचं चित्र मागवा, त्यात अंडरकटचे रंग दिसतात, टोक कुठे पडतंय ते घरबसल्या तपासता येतं. फ्रेम आली की तोंडात घालण्याआधी मॉडेलवर बघा : एकर्स असेल तर हाताचा शेवटचा एक तृतीयांश भाग लाईनच्या खाली आणि बाकीचा वर आहे का, आणि टोक हाताच्या बुडाच्या निम्म्या जाडीपर्यंत निमुळतं होतंय का. नसेल तर परत पाठवा. पहिल्यांदा लाज वाटते, तिसऱ्यांदा लॅबच फोन करून विचारते.

आता या बाईंना उद्या काय करायचं. ४४ चा एक्स-रे काढा, पॉकेट (हिरडी आणि दात यांच्यामधली खाच) मोजा, दात जिवंत आहे का बघा. दुखणं क्लास्पचं आहे की मुळाच्या टोकाचं, हे कळल्याशिवाय कवळीला हात लावू नका. मग कवळी तोंडात ठेवून मागच्या बेसवर एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे बोटाने दाबा. पुढचा भाग उचलला तर बेस हिरडीला सोडून आहे. रेस्ट पूर्ण टेकवून धरून रिलाईन करा, रुग्णाला चावायला सांगून नव्हे. त्याआधी ४४ वरचा गालाकडचा कास्ट हात बुडापासून कापून टाका आणि बेसमध्ये वायर रोवा, टोक ०.५ मिमीमध्ये, इनॅमलवर. रेस्ट मागेच राहील, पण वायर लवचीक असल्यामुळे ओढ बरीच कमी होते. डिस्टल रेस्टबरोबर वायर हे जुनं, चाललेलं डिझाईन आहे. ३५ वरही तसंच करा, लागलं तर कंपोझिटचा उंचवटा देऊन. रात्री कवळी काढून पाण्यात, मिशरीऐवजी मऊ ब्रश, आणि सहा महिन्यांनी बोलवा. तुमच्याच रिसेप्शनवरून फोन करून बोलवा, आपणहून येणार नाहीत.

सहा महिन्यांत ४४ घट्ट झाला तर आहे ती कवळी चालू द्या. पुढे कधी नवी करायची वेळ आली तर खर्च परवडत असल्यास दोन्ही बाजूंना बेसखाली एकेक इम्प्लांट सुचवा, म्हणजे बेस खाली जाणंच थांबतं. नसेल परवडत तर मेसियल रेस्ट, वायर, आणि बेससाठी फ्रेमवर वेगळं फंक्शनल इम्प्रेशन (भाराखाली घेतलेलं हिरडीचं माप). आणि उजवीकडे लिंग्वल बारऐवजी प्लेट ४३ च्या सिंग्युलमपर्यंत न्या. ४४ गेलाच, तर त्याच कवळीत दात जोडता येईल आणि ४३ वर वायर टाकता येईल.